नकाशावरचा खडक

गगनबावड्याचा घाट चढून आलेली एसटी कोल्हापूरच्या स्टँडात येऊन टेकली, माणसं उतरली, तरी अनुजा जागची हलली नाही. झोप लागली होती म्हणावं तर तसं नव्हतं. उठायचंच जिवावर आलं होतं. शेवटी कंडक्टर मागं आला.

"ओ पावणं, गाडी आता डेपोत जाणार हाय. येताय का संगट, हवा भरायला?"

ती कसनुसं हसली आणि पिशवी ओढत खाली उतरली. पिशवीत ओले बूट होते, समुद्राचा वास होता, आणि उजव्या कानात परवापासून बसलेला दडा अजून सुटायचं नाव घेत नव्हता. बुडी मारणाऱ्याच्या कानाला हे नवं नाही. पण अंगात बळ असलं की कानही लवकर सुटतो, असा तिचा आपला अनुभव. बळ कुठून आणायचं?

गडमुडशिंगीच्या वडापच्या जीपमध्ये चार बायकांच्या मधे अंग चोरून बसली तेव्हा दुपार चढत आली होती. गावाच्या अलीकडंच कर्ण्याचा आवाज ऐकू यायला लागला. गावात सप्ता बसला होता. एरवी त्या आवाजानं अनुजाचं मन भरून यायचं. लहानपणी बापाच्या धोतराचा सोगा धरून तिनं जेवढी कीर्तनं ऐकली होती, तेवढी गावातल्या म्हाताऱ्यांनीही ऐकली नसतील. कीर्तनकार बुवा रंगात आले, चाल वर चढली, मागच्या टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलून धरलं की अंगावर काटा यायचा. पण आज ती कीर्तनाला आली नव्हती. आज तिला जिनपालकाकांना गाठायचं होतं, आणि तेही आजच.

जिनपालकाका म्हणजे गावचेच, पण आता शिरोलीला त्यांचं मोठं ओतकाम. लोखंड वितळवून यंत्रांचे भाग ओततात. माणूस दिलदार. सप्त्यातलं एक जेवण दरवर्षी त्यांच्या घरचं असायचं, बिनकांद्यालसणाचं, आणि वाढायला राजमतीकाकू स्वतः उभ्या राहायच्या. याच काकांनी मागच्या वर्षी मनावर घेतलं की आपल्या हातून समुद्राची काहीतरी सेवा व्हावी. खाली कोकणच्या किनाऱ्यावर, जिथं अनुजा प्रवाळांचा अभ्यास करते, तिथं त्यांनी काम उभं केलं. आपल्या कारखान्यात लोखंडी सांगाडे बनवून घेतले. त्या सांगाड्यांना फांद्या-फांद्यांच्या प्रवाळाचे तुकडे बांधायचे, सांगाडे समुद्रात खाली सोडायचे, आणि वर्षा-दोन वर्षांत पाण्याखाली बाग फुललेली बघायची. फोटो तर असे येतात की बघत राहावं.

बाग लावण्याला अनुजाची ना नव्हती. ना होती ती जागेला.

आता ज्यानं समुद्राचा तळ पाहिला नाही त्याला हे कसं सांगावं? प्रवाळ म्हणजे आपण बायका गळ्यात घालतो ते पोवळं, एवढंच लोकांना माहीत. पण तो एक जीव असतो. टाचणीच्या डोक्याएवढे हजारो जीव एकाला एक चिकटून राहतात, आणि आपल्या अंगाखाली दगड साठवत जातात. त्यांच्यात काही फांद्यांचे. हरणाच्या शिंगांसारखे पसरतात, भराभर वाढतात, देखणे दिसतात. आणि काही नुसते गोटे. गोल, जाड, मातकट, बघणाऱ्याला वाटावं कुणीतरी नदीतला धोंडा आणून टाकलाय. वर्षाला वाढतात ते बोटाच्या पेराएवढेसुद्धा नाही. पण वाढत राहतात. अनुजाच्या त्या जागी एक गोटा होता, मळणी झाल्यावर खळ्यात भाताची रास असते तेवढा. इंग्रज जायच्या कितीतरी आधी तो तिथं बसलाय. लाट येते ती पहिली त्याच्यावर फुटते. वादळात फांद्या मोडून त्यांचा चुरा होतो, हा जागचा हलत नाही. त्याच्या पोटाखालच्या कपारीत कोळंबीच्या जातीच्या मोठ्या शेवंडी राहतात, माशांची पिल्लं दडतात. दोन उन्हाळ्यांमागं पाणी तापलं तेव्हा शिंगवाले सगळे पांढरे पडले आणि गेले. गोटेही फिके पडले, पण पावसाळा सरला तसा त्यांच्या अंगावर रंग परत आला. आज तिथं समुद्राची जी काही वस्ती शिल्लक आहे ती या गोट्यांच्या आधारावर.

आणि ज्या कंत्राटदारानं जागेचा नकाशा काढला त्यानं वरून फोटो घेतले, आणि त्या सगळ्या गोट्यांच्या जागी लिहिलं, "खडक." खडकावर सांगाडे घट्ट बसतात, वाळूत रुततात. तेव्हा सांगाडे खडकावर ठोकायचे ठरलं. येत्या सोमवारी.

अनुजानं काकांच्या ऑफिसात जाऊन सांगून पाहिलं होतं. लॅपटॉप उघडून, तक्ते दाखवून, तोंडाला फेस येईपर्यंत. काकांनी चहा पाजला, शेंगदाण्याची चिक्की दिली, घड्याळाकडं दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "अगं पोरी, दगडाला काय होतंय?" दुसऱ्या खेपेला तर त्यांच्या मॅनेजरनं फोनच घेतला नाही. गेली सात-आठ वर्षं ती हेच सांगत आली होती. सभेत, कोळीवाड्यात, शाळांतून. माणसं ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि शेवटी विचारतात, "ते रंगीत कुठं बघायला मिळतात हो?"

ती दमली होती. नुसतं अंग नाही, तिची जीभ दमली होती. आज शेवटचं सांगायचं, नाही ऐकलं तर नाही, असं मनाशी म्हणून ती वडापमधून उतरली.

विठ्ठल मंदिरासमोर यंदा मांडव मोठा घातला होता. तोंडाशीच फ्लेक्स. त्यावर कीर्तनकारांचे फोटो, अन्नदात्यांचे फोटो, मांडववाल्याचं नाव, कर्णेवाल्याचं नाव, आणि सगळ्यांत वर सप्ता कमिटीचा तरुण अध्यक्ष राजवीर, गॉगल लावून, हात जोडून. तोच समोरून धावत आला. पांढरा झब्बा, पायात चकचकीत बूट.

"अनुताई! कवा आलीस? काळी पडलीस की गं पार."

"समुद्रात छत्री धरता येत नाही, राजवीर. जिनपालकाका आले का?"

"यायलेत. दहा-पंधरा मिंटात. जेवणार, सत्कार घेणार आणि लगेच हातकणंगल्याला जाणार, लग्न हाय तिथं. सोफा बघितलास का? खास आणलाय."

सोफा खरोखरच आणला होता. लाल मखमलीचा, देवासमोर. अनुजाला काहीतरी खटकलं. त्या जागी तर वीणा असते.

सप्त्यात वीणा कशी असते हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगायला हवं. सप्ता सुरू झाला की वीणा एकाच्या गळ्यात पडते, आणि मग समाप्तीपर्यंत ती खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याच्याकडं वीणा त्यानं बसायचं नाही, टेकायचं नाही, मुखानं नाम चालू ठेवायचं आणि नामाशिवाय दुसरा शब्द बोलायचा नाही. कीर्तन असो, पंगत असो, की मांडवात चिटपाखरू नसो. त्याला म्हणायचं वीण्याचा पहारा. टाळ थांबतात, मृदंग थांबतो, बुवा घरी जातात. वीणा उभी असते म्हणून सप्ता चालू असतो. त्यामुळं आलागेला आधी वीणेकऱ्याच्या पाया पडतो, मग देवाच्या. वय बघायचं नाही.

"वीणा कुठाय रे?"

"मागं घेतली थोडी. कॅमेऱ्यात मधेच यायली होती." राजवीरनं देव्हाऱ्याच्या बाजूला लावलेल्या भरजरी पडद्याकडं बोट दाखवलं. "तिथं सावली बी हाय."

"आणि पहारा कुणाकुणाचा आहे?"

"फ्लेक्सवर लिवलंय की."

अनुजानं वळून फ्लेक्स पाहिला. सगळ्यांत खाली, मांडववाल्याच्या फोन नंबराच्याही खाली, बारीक अक्षरात होतं, "वीणा पहारा : समस्त ग्रामस्थ मंडळी."

पलीकडं मोठ्या पातेल्यांशी आई, शालूबाई, पदर खोचून पोळ्यांच्या चळती मोजून देत होती. लेकीला बघून तिनं पिठाचे हात तसेच तिच्या गालावरून फिरवले आणि लगेच म्हणाली, "बरं झालं आलीस. तुजा बा सकाळधरनं आत उभा हाय बग. न्ह्यारी न्हाई, काय न्हाई. मी दोनदा जाऊन आली. हातानं जा म्हन्तोय."

"सकाळपासून एकटेच? पहारा बदलला नाही कुणी?"

"कोन बदलनार? मारुतीअण्णा पुन्याला ल्योकाकडं ऱ्हायला गेलं, आनि ते बाळूमामा गेलं देवाघरी. हेच तिगं तर धरायचं आजवर. पोरास्नी वाटतंय आपोआप उभी ऱ्हातीया वीणा." शालूबाईनं आवाज खाली आणला. "काल बी असंच. रातच्याला पाय बगितलं, ह्ये असं फुगल्यालं."

अनुजा पडद्याआड गेली.

बाप, केरबा, भिंतीपासून हातभर अंतरावर उभा होता. टेकायचं नाही म्हणजे नाही. पांढरं धोतर, डोक्याला पागोटं, गळ्यात वीणा, बोट तारेवर. डोळे मिटलेले. "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी," आवाज इतका बारीक झाला होता की बाहेरच्या कर्ण्यातल्या रेकॉर्डखाली तो कुठल्या कुठं बुडून जात होता. डाव्या गुडघ्यात मधूनच थरथर उठायची आणि तो उजव्यावर भार घ्यायचा. मग उजव्यात.

तिनं रिवाजाप्रमाणं पायांवर डोकं ठेवलं. पाय गरम लागले आणि ताणलेले, फुगलेल्या फुग्यासारखे.

"आबा."

त्यानं डोळे उघडले. लेक दिसली तसं तोंडभर हसू आलं, पण नाम तोडलं नाही. मानेनंच विचारलं, जेवलीस का?

अनुजा त्याच्याकडं बघत राहिली. बाहेर गाडीचा आवाज झाला. कर्ण्यावरची रेकॉर्ड बंद झाली आणि राजवीरचा आवाज घुमला, "आपल्या गावचे सुपुत्र, दानशूर, श्रीमान जिनपालशेठ यांचं आगमन झालेलं आहे. जोरदार टाळ्या…"

आता जायला हवं होतं. सोफ्यावर बसायच्या आत गाठायला हवं होतं, नाहीतर हारतुऱ्यात अर्धा तास जाईल. ती पडद्याकडं वळली. आणि मागं केरबाचा गुडघा मुडपला. पडला नाही तो. वीणा दोन्ही हातांनी वर उचलून धरली त्यानं, आणि स्वतः मात्र निम्मा खाली आला, तसाच कसाबसा पुन्हा उभा राहिला. घामाचा थेंब नाकावरून खाली पडला. नाम चालूच.

"द्या इकडं," अनुजा म्हणाली.

त्यानं मान हलवली. नको. बाहेर बोट दाखवलं. तिचं काम त्याला ठाऊक होतं, दर रविवारी फोनवर तेच ऐकायचा तो.

"द्या म्हणते ना. हात धुतलेत मी. बाहेर दुसरं कुणी नाही."

बाईनं वीणा धरल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं. केरबाच्या चेहऱ्यावरून तो विचार येऊन गेलाही असेल. पण खाली टेकण्यापेक्षा लेकीचा गळा बरा. त्यानं वीणा तिच्या गळ्यात घातली, वाकता येत नव्हतं तरी वाकला, आणि बापानं लेकीच्या पायांना हात लावला. मग तिनं त्याच्या. तो भिंतीला धरून धरून खाली बसला आणि पाय लांब केले.

"रामकृष्णहरी," अनुजा म्हणाली.

झालं. आता तिला हलता येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं.

थोड्या वेळानं शालूबाई ताट घेऊन आली. आतलं बघून थबकली. ताट खाली ठेवून तिनं आधी लेकीच्या पायांना हात लावला, मग कपाळावर हात मारून घेतला. "अगं, आनि तुजं काम?"

केरबाच म्हणाला, "तू जा आनि सांग शेठला. म्हनावं पोरगी आत हाय."

ती गेली आणि गेली तशी परत आली. "हार घालायल्यात. मला कोन इचारतंय तितं? राजवीर म्हन्ला, काकू, फोटो हुंदे."

पंगत बसली. पडद्यापलीकडून पळ्यांचे आवाज, "वाढा, वाढा", राजमतीकाकूंचं "पोटभर जेवा बरं का". अनुजाचं बोट तारेवर, तोंडात नाम. कानातला दडा असल्यानं स्वतःचा आवाज तिला आतून ऐकू येत होता, पाण्याखाली येतो तसा. उभं राहणं काय असतं हे पायांना हळूहळू कळायला लागलं. आधी टाच, मग पोटरी, मग कंबर. तिला वाटलं, आबा हे इतकी वर्षं करत आले आणि मी त्यांना कधी विचारलं नाही की दुखतं का.

कर्णा बोलला, "जिनपालशेठ आता आपली रजा घेत आहेत…"

तिनं डोळे मिटले. गेलं. सोमवारी लोखंड खाली जाणार, आणि भाताच्या राशीएवढ्या त्या म्हाताऱ्या जिवाच्या डोक्यात खिळे ठोकले जाणार. रडू येईल असं वाटलं, पण तेवढंही त्राण नव्हतं. नाम मात्र चालू राहिलं. ते काही तिच्या बळावर चाललं नव्हतं.

"वीणा कुठाय रे?" पडद्याबाहेर कुणीतरी विचारलं. आवाज ओळखीचा. "वीण्याच्या पाया पडल्याबिगर मी कवा गेलोय का? आमचा धर्म निराळा असंल, पण गाव एकच हाय."

"शेठ, ते… आत हाय. तुम्ही हितनंच हात जोडा की," राजवीरचा आवाज.

पडदा बाजूला झाला. जिनपालकाका आत आले, पाठोपाठ राजवीर. काकांच्या गळ्यात अजून हार होता. त्यांनी पाहिलं, वीणा एका बाईच्या गळ्यात, आणि केरबा भिंतीशी पाय पसरून, जेवणाचं ताट तसंच झाकलेलं.

"केरबा? हे काय, आं? आणि ही तुझी अनुजा न्हवं?"

"व्हय शेठ. मगाशी पडलो असतो, तिनं धरली."

"दुसरं कुणी न्हाई?"

राजवीर म्हणाला, "शेठ, फ्लेक्सवर समस्त ग्रामस्थ लिवलंय. सगळ्यांनीच यायचं…"

"माझ्या भट्टीवर मी असं लिवलं असतं तर, समस्त कामगार मंडळी? एक तरी माणूस आला असता का रं? लोखंड थिजून दगड झालं असतं." काका हार काढत पुढं झाले आणि अनुजाच्या पायांना हात लावायला वाकले. ती शहारली, पण वीणा गळ्यात असली की मागं सरायचं नसतं. काका उठले. "बोल पोरी. सोमवारचंच ना तुझं?"

"रामकृष्णहरी," अनुजा म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं.

"तिला बोलता येत न्हाई शेठ. पहाऱ्यात हाय." केरबानं घसा खाकरला. "मीच सांगतो. मला काय सगळं कळत न्हाई, पर ऐकून ऐकून जेवडं डोसक्यात शिरलंय तेवडं सांगतो. तुमच्या त्या नकाशात खडक लिवलंय, तो खडक न्हाई. ते जित्तं हाय."

काका अनुजाकडं बघून म्हणाले, "जित्तं? मग हलत का न्हाई?"

केरबा अडखळला. "झाड हाय का जनावर हाय ते मला बी अजून कळ्ळं न्हाई बगा." अनुजानं नाम घेता घेता मान जोरात हलवली. "न्हाई, झाड न्हाई म्हन्ती. जनावर हाय." ती होकारली. "त्येच्या पोटाखाली मासं ऱ्हात्यात. म्हावरं. आनि लाट पयली त्येच्या अंगावर येती. तुमचं ते शिंगावानी हाय न्हवं, ते दिसाय लई देखनं, पर पानी जरा तापलं की मरतंय. ह्ये मरत न्हाई." अनुजानं पुन्हा मान हलवली, नाही. "आं? मरतंय? मरतंय, पर लौकर मरत न्हाई. आनि एकदा मेलं की… किती वर्सं गं?" तिनं नुसते डोळे मिटले. "लई वर्सं लागत्यात शेठ. तुमच्या-माज्या नातवाच्या नातवाला बी दिसायचं न्हाई."

राजवीरला हसू आवरेना. "अनुताई, मूकाभिनय झाला की ह्यो!"

"गप रं," काका म्हणाले. त्यांनी खाली बसून घेतलं, मखमली सोफा सोडून, केरबाशेजारी जमिनीवर. "पण केरबा, लोकं इतक्या लांब बघाय येत्यात, त्यांना दाखवायला काय हाय त्यात?"

"दाखवाय काय न्हाई शेठ." केरबा पाय चोळत म्हणाला. "ते नुसतं ऱ्हातंय."

वीणेची तार वाजत राहिली. मग काका जणू स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "कारखान्यात पावणं आलं की ठिणग्यांचा फोटो काढत्यात. लेथचा बेड, यंत्राची खालची बैठक, कुणी बघत न्हाई. ओताय मला सगळ्यांत जास्त येळ तोच लागतोय. त्यो वाकला की वरचं सगळं भंगार." त्यांनी खिशातून फोन काढला, आणि पुन्हा अनुजाकडं पाहिलं. "बरं, तिथं न्हाई ठोकायचं. मग कुठं? सांगाडं तयार हायत, पोरी. वाळूत रुतत्यात म्हणून तर खडक धरला. मला जागा सांग, न्हाईतर मॅनेजर म्हणंल तिथंच टाकतील."

अनुजानं केरबाकडं पाहिलं. हे केरबाला माहीत नव्हतं. जागा फोनवर सांगून कळत नाही. तो तिच्याकडं बघायला लागला, आणि दोघं तशीच अडली. जागा तिच्या जिभेवर होती. दोन वाक्यांचं काम. नाम सोडून दोन वाक्यं बोलली तर इथं कुणी तिला फाशी दिलं नसतं. काकाही म्हणाले असते, जाऊ दे, देव समजून घेईल. पण समोर सुजलेले पाय पसरून बाप बसला होता, ज्यानं पडतानाही नाम तोडलं नव्हतं.

"रामकृष्णहरी," ती म्हणाली.

काकांनी घड्याळ पाहिलं. आता निघणार, असं अनुजाला वाटलं. पण ते राजवीरकडं वळले.

"बूट काढ."

"आं?"

"बूट काढ, पाय धुऊन ये आणि वीणा घे. अध्यक्ष हायस न्हवं? मला हिच्याशी बोलायचंय."

"शेठ, मला येत न्हाई ते… आणि बाहेर संध्याकाळच्या कीर्तनाचं, साऊंडचं…"

"उभं ऱ्हायला येतंय न्हवं?"

राजवीर गेला. शालूबाईनं तांब्या दिला तो पायांवर ओतून घेतला, ओल्या पायानं आत आला. झब्ब्याची बटणं लावावीत की काढावीत ते त्याला कळेना. केरबानं बसल्याबसल्या सांगितलं, "उजव्या खांद्यावनं घे. आवळून धरू नको, पोरासारकी धर. बोट हितं. आनि टेकायचं न्हाई, कायबी झालं तरी." अनुजानं वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि त्याच्या पायांना हात लावला. राजवीर लाजून मागं सरकला. "मागं सरायचं न्हाई," केरबा खेकसला. मग राजवीरनंही वाकून तिच्या पायांना हात लावला, वीणा सांभाळत, धडपडत.

अनुजा खाली बसली. बसता बसता पडलीच म्हणा. इतके दिवस मनात घोळवलेलं सगळं भाषण कुठल्या कुठं गेलं होतं.

"गोट्यांच्या दक्षिणेला कातळ आहे, काका. खराखुरा, काळा. त्यावर मेलेल्या फांद्यांचा चुरा पडलाय. सांगाडे तिथं बसतील. नाव थोडी लांब न्यावी लागेल, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

काकांनी फोन लावला. "हां, सोमवारची गाडी भरू नका… थांबवा म्हणतो ना. जागा बदलणार हाय… कोण म्हणलं म्हणजे? मी म्हणलं." फोन ठेवला. "पण ऐक. मी येऊन बघणार. तुझ्या शब्दावर गाडी थांबवली, पण लोखंड मी बघितल्याशिवाय तिथं न्हाई आणि दुसरीकडं बी न्हाई. आणि मला पोहता येत न्हाई, आधीच सांगतो. नावेतनं दिसतं का?"

"मोठ्या ओहोटीला वरून दिसतात, काका." अनुजाला जांभई आली ती तिनं हातानं झाकली. "पण दगडासारखेच दिसतात."

"दिसू दे." काका गुडघ्यावर हात टेकून उठले. "राजमती, चला, लग्न लागलं असंल तिकडं," असं ओरडत बाहेर गेले. बाहेरून पुन्हा त्यांचा आवाज आला, "आणि तो सोफा उचला रं तिथनं!"

शालूबाईनं दोघांपुढं एकच ताट सारलं. वरण-भात निवून गेला होता. केरबानं पहिला घास लेकीला भरवला, लहानपणी भरवायचा तसा. तिनं तो चावला की नाही कुणास ठाऊक, भिंतीला डोकं टेकलं तसे तिचे डोळे मिटायला लागले.

"पुढचा पहारा कुणाचा?" तिनं मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"समस्त ग्रामस्थ," केरबा म्हणाला, आणि बाप-लेक दोघं हसली, आवाज न करता, दमलेली माणसं हसतात तशी.

दोन माणसांनी सोफा उचलला. भरजरी पडदा कुणीतरी ओढून बाजूला गाठ मारून ठेवला, आणि मांडवातून वीणा दिसायला लागली. झुंबरबाई म्हणून एक म्हातारी हात धुऊन आली आणि आधी राजवीरच्या पाया पडली. पोरगं बावरलं, घोगऱ्या आवाजात नाम घेत राहिलं, तारेवर बोट कधी पडायचं, कधी हुकायचं.

"ताल चुकतोय," केरबा घास थांबवून म्हणाला.

"चुकू दे, आबा."

केरबा जरा वेळ ऐकत राहिला. "व्हय," म्हणाला. "धरून तर ठेवलीया." आणि पुढचा घास स्वतःच्या तोंडात घातला.